पाठीवरून चढलेलं हॉटेल

माथेरानच्या जुन्या हॉटेलात उतरलात, तर व्हरांड्यातून दिसणारी दरी सावकाश बघा, ती कुठे जात नाही. आधी न्हाणीघरात जा आणि मागच्या भिंतीत एखादं बुटकं दार दिसतंय का ते शोधा.

आमच्या खोलीत होतं. एका फळीचं, माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीचं. त्यावर ऑइलपेंटचे इतके हात फिरले होते की कडी, कोयंडा आणि फळी यांच्यातली फट पार बुजून गेली होती. वर टॉवेल अडकवायची स्टीलची दांडी ठोकलेली. म्हणजे हॉटेलच्या लेखी ते दार आता भिंतच. पण खाली उंबरा होता, जांभ्याचा, आणि तो मधोमध झिजून खोलगट झाला होता. खोलीच्या पुढच्या दारालाही तसाच जांभ्याचा उंबरा आहे. त्याच्या कडा मात्र अजून धड आहेत.

इंग्रजांच्या काळच्या बंगल्यांची ही ठरलेली मांडणी. पुढे व्हरांडा, मग खोली, तिच्यामागे कपडे बदलायची चिंचोळी जागा, मग न्हाणी, आणि न्हाणीला बाहेरून वेगळं दार. नळ नव्हते. गरम पाणी मागच्या बंबावर तापायचं आणि बादलीतून या दाराने आत यायचं. कमोडचं भांडं याच दाराने बाहेर जायचं. आणणाऱ्याने आणि नेणाऱ्याने खोलीत पाऊल टाकायचं नाही, पाहुण्याच्या नजरेला पडायचं नाही, एवढ्यासाठी हे दार. पुढच्या दाराने मोसमात थोडी माणसं ये-जा करायची. मागच्या दाराने रोज, पहाटेपासून. उंबऱ्यांमधला फरक तिथून आलाय.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि बघताक्षणी म्हणाली, "हे तर आमच्या वाड्यातलंच दार." तिचं बालपण कल्याणच्या वाड्यात गेलं. परसात टोपलीचे संडास होते आणि त्यांना मागच्या बोळातून उघडणारी छोटी दारं होती. सकाळी त्या बोळात जायचं नाही, अशी मुलांना ताकीद असे. रोज मैला न्यायला तिथे येणाऱ्या बाईचा चेहरा आईला आठवत नाही. तिचा आवाज तेवढा आठवतो, कारण येण्याआधी तिला हाळी द्यावी लागायची. साहेबाच्या बंगल्यातल्या दाराकडे बघताना माझ्या मनात जो सरळसोट राग जमा होत होता, तो आईच्या या वाक्यानंतर तसा सोपा राहिला नाही. अशी दारं आमच्या घरांनाही होती आणि आम्हीही ती मागच्याच बाजूला ठेवली होती.

माथेरानला येण्याचं खरं कारण आई होती. मे महिन्याचा शेवट, खाली डोंबिवलीत अंगाची काहिली, आणि तिला एकदा शांत ठिकाणी राहायचं होतं. हॉर्न नको, लिफ्ट नको, टीव्ही नको. असं ठिकाण शोधायला लागलं की माथेरानवरच येऊन थांबतो आपण. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, मुंबईपासून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावं एवढ्या अंतरावर, आणि वर वाहनांना बंदी. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर मोटार दस्तुरी नाक्यालाच थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पायी जा, घोड्यावर जा, जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोट्या रेल्वेच्या शटलने जा. आणि आम्ही गेलो त्या काळात आणखी एक सोय होती, हातरिक्षा.

या बंदीबद्दल लोक बोलतात ते हवेच्या अंगाने. धूर नाही, गोंगाट नाही, शेकरू दिसतं, शीळ घालणारा कस्तुर पहाटे ऐकू येतो. सगळं खरं आहे. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं तेही या जंगलासाठीच, आणि ते झालं नसतं तर आज जांभूळ-अंजनीच्या रानाच्या जागी काय उभं असतं याची कल्पना खालचा नेरळ-कर्जत पट्टा बघून येते. पण मला माथेरानची एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि हा लेख मी तेवढ्यासाठीच लिहितेय. इथे ओझं दिसतं. लोणावळ्यात, महाबळेश्वरात हॉटेलचा माल पहाटे टेम्पोतून येतो, मागच्या फाटकातून आत जातो आणि आपण उठतो तेव्हा टेबलावर पोहे असतात. माथेरानला तुमच्या पोह्यांचं पोतं, गॅसची टाकी, धुतलेल्या चादरींचं गाठोडं, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, सगळं तुमच्या शेजारून, त्याच लाल वाटेने, घोड्याच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून चढत असतं. बघायचं नाही असं ठरवलं तरी दिसतं.

आणि हे आजचं नाही.

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावात मुक्कामाला होता. तिथून वन ट्री हिलच्या अंगाने तो हा डोंगर चढला. इतिहासाच्या पाटीवर लिहितात की मॅलेटने माथेरानचा शोध लावला. त्याच्याबरोबर चौकचा पाटील होता आणि वाट पाटलाला ठाऊक होती. डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगरांच्या, ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या होत्या, आजही आहेत. मॅलेटने पुढे वर घर बांधलं, त्याच्या मागोमाग कॅप्टन बारसारख्या अधिकाऱ्यांनी बांधलं. मग गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टनने मनावर घेतलं आणि माथेरानचं नशीब पालटलं. १८५६ साली कल्याणहून आगगाडीचे रूळ नेरळवरून पुढे घाटाच्या पायथ्याला गेले. मुंबईचा माणूस आता काही तासांत डोंगराच्या तळाशी उतरू शकत होता. पारशी, बोहरा, गुजराती शेठियांनी बंगले बांधले. पुढे त्यातल्या काही बंगल्यांची हॉटेलं झाली.

नेरळला उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र पन्नास वर्षं तसाच राहिला. तट्टू, मेणा, पालखी, नाहीतर आपले पाय. सामानाला हमाल. सर आदमजी पीरभॉय यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. लष्कराला तंबू आणि बूट पुरवून त्यांनी अमाप पैसा मिळवला होता. एकदा नेरळला उतरले तर न तट्टू मिळालं, न पालखी, न हमाल, आणि त्यांनी तिथेच ठरवलं की इथे गाडी आणायची. गोष्ट किती खरी ते सोडा, पण माझं तिच्यावर प्रेम आहे. तिच्यात कबुली आहे की वाहणारी माणसं एका दिवसासाठी नसली, तर मुंबईतला एवढा धनाढ्य शेठही डोंगराच्या पायथ्याशी उभाच राहतो.

गाडी आणली ती त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेनने. १९०४ला काम सुरू झालं, मार्च १९०७मध्ये गाडी धावली, खर्च सोळा लाख. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटरची वाट, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट असा चढ. ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची चार इंजिनं मागवली होती, अशा वळणांवर चाकं हलकेच कोनात फिरू शकतील अशा बनावटीची. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही मधली स्टेशनं. ही गाडी आजही डोंगराचा श्वास आहे, आणि ती बंद पडते तेव्हा ते कळतं. २६ जुलै २००५च्या पावसात रूळ वाहून गेले, ती परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९च्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं, आणि नेरळहून वर येणारी गाडी २०२२च्या दिवाळीच्या सुमाराला परत रुळांवर आली. मधल्या काळात अमन लॉजची शटल होती, पण नेरळपासून दस्तुरीपर्यंतचा भार रस्त्यावर आला आणि दस्तुरीपासून पुढचा पुन्हा पाठींवर.

आमचं हॉटेल गाडीच्या आधीचं. जांभा इथलाच, खणून काढलेला. लाकूडही बरंचसं इथलं असणार. पण छपराचे पत्रे, खिडक्यांच्या काचा, पलंगांचे पितळी गोळे, आणि न्हाणीतला तो टब? ओतीव लोखंडाचा टब, पांढऱ्या मुलाम्याचा, खाली चार पंजे. आता त्यात कुणी आंघोळ करत नाही, वर प्लास्टिकची बादली-मग ठेवलेली असते. मी एका बाजूने उचलून बघायचा प्रयत्न केला, तो तसूभर हलला नाही. शंभर किलोच्या पुढेच असणार.

जेवणाच्या खोलीत वाढणारे एक काका होते. त्यांचे वडील याच हॉटेलात होते आणि आजोबाही. मी टबाचं विचारलं. काका ताटात धानसाकाची डाळ वाढता वाढता थांबले. "असे चार आले होते, ताई. दोन मोठे बांबू, मध्ये टब उलटा बांधलेला, आठ माणसं. चार पुढं, चार मागं. आजोबा सांगायचे, चढावर मागच्यांवर भार येतो, म्हणून मागं उंच गडी लावायचे नाहीत, बुटके लावायचे?" त्यांनी स्वतःच मान हलवली. "नाही, नाही, उलटं. मागं उंच, म्हणजे टब आडवा राहतो." मग डाळीचं भांडं टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी खांद्यावरचा बांबू कसा सरकतो ते दाखवलं. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या खळग्यात फडक्याची जाड घडी ठेवायची, आणि दम घ्यायला थांबायचं तर बांबू खाली ठेवायचा नाही, दुबेळकं, म्हणजे टोकाला फाटा असलेली काठी, लावून त्यावर टेकवायचा. खाली ठेवलेलं ओझं परत उचलायला दुप्पट ताकद लागते. आजोबांची विद्या नातवाला सगळी पाठ होती, टब त्याने कधी उचलला नसला तरी.

धानसाक उत्तम होतं. कांदा-काकडीचं कचुंबर, तपकिरी भात, आणि शेवटी कस्टर्ड, वर जायफळ. जुन्या पारशी पद्धतीचं जेवण, घंटा वाजली की सगळ्यांनी एकदम बसायचं. आईला मटण चालत नाही म्हणून तिच्यासाठी वेगळी भाजी आली होती, न सांगता.

आता आईच्या रिक्षाबद्दल सांगायला हवं.

शटलला त्या दिवशी तोबा गर्दी. आईचे गुडघे तीन किलोमीटर चालणारे नाहीत. घोड्यावर ती बसणार नाही. डिसेंबर २०२२मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला होता, पण त्या थोड्या, आणि आधी शाळेच्या मुलांच्या आणि गावकऱ्यांच्या. राहिली हातरिक्षा. पुढे एक जण दांडी ओढणार, मागून दोघे रेटणार. माणसाने माणसाला ओढायचं. मला ते बघवत नव्हतं. मी आईला म्हटलं, थांबू, दुसरी गाडी येईल.

आई सरळ रिक्षावाल्यांशी बोलायला लागली. कुठले तुम्ही, घरी कोण कोण, मुलं शाळेत जातात का. तिघांतल्या वडीलधाऱ्याने सांगितलं, सकाळपासून ही पहिली खेप. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून मी नाही बसले, तर यांच्या घरी काय जाईल?" आणि ती बसली. चढावर तिघेही बोलायचे थांबले, नुसता श्वास ऐकू येत होता. लाल धुळीत त्यांच्या पायांचे अंगठे रुतत होते. मी बाजूने चालत होते आणि माझी पर्स मीच धरली होती, एवढाच माझा वाटा. एका वळणावर आई म्हणाली, "थांबा रे बाबांनो, मला जरा झाडं बघू द्या." तिला झाडं बघायची नव्हती. त्यांनाही ते कळलं. पाणी प्यायले, मग निघालो.

त्यातला मागचा तरुण मुलगा मला म्हणाला, "ताई, आम्हालाच ई-रिक्षा पाहिजे. पन्नाशीत छाती भरून येते." हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की हातरिक्षा बंद करा असं म्हणणारे म्हणजे आमच्यासारखे, ज्यांना बघवत नाही असे पाहुणे. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयापर्यंत ही मागणी रिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेने नेली होती. परवान्याच्या ९४ हातरिक्षा, त्या ओढणारी-रेटणारी कितीतरी घरं. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये निकाल लागला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षं होत आली तरी माणसाने माणसाला ओढणं चालू राहणं हे माणसाच्या प्रतिष्ठेला आणि संविधानाने दिलेल्या सामाजिक, आर्थिक न्यायाच्या वचनाला धरून नाही. सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, आणि ई-रिक्षा खऱ्याखुऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांनाच द्या. पैसा नाही ही सबब चालणार नाही. सायकल रिक्षांबद्दलचा असाच एक निकाल याच न्यायालयाने पंचेचाळीस वर्षांपूर्वी दिला होता, त्याचीही आठवण खंडपीठाने काढली. बातमी वाचली तेव्हा आईला मी फोनवर सगळी वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या पोराला मिळाली असेल का रे बाई?" मला सांगता आलं नाही. या निकालात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की ओढणाऱ्याच्या हातातून दांडी काढून घेताना त्याच्या हातात किल्ली द्या असं त्यात सांगितलंय. नुसती बंदी आली असती तर पाहुण्यांच्या डोळ्यांना बरं वाटलं असतं आणि तेवढंच झालं असतं.

त्याच निकालाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना परवानगी दिली, आतल्या वाटांवर मात्र नाही. मला हे योग्य वाटतं, जंगलासाठी. पण याचा अर्थ असाही की पुतळ्याच्या पुढे, जिथे आमच्यासारखी कड्यावरची हॉटेलं आहेत, तिथे ओझं अजून काही वर्षं पाठीवरच राहणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हॉटेलच्या मागे गेले. त्या बुजलेल्या दाराच्या पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. अरुंद बोळ होता, जांभ्याच्या दगडांनी फरसबंद, प्रत्येक खोलीच्या मागून जाणारा आणि शेवटी स्वयंपाकघराला मिळणारा. सगळ्या खोल्यांची बुटकी दारं तिथे रांगेने दिसतात. पुढून बघितलं तर हॉटेल म्हणजे व्हरांडे, कुंड्या, वेताच्या आरामखुर्च्या. मागून बघितलं की सगळी इमारत या बोळाभोवती बांधल्यासारखी वाटते. बोळाच्या टोकाला एक पायवाट खाली उतरते, आणि त्या वाटेने तेव्हा पावसाची बेगमी चढत होती. जून लागला की इथे धो-धो, नेरळहून येणारी गाडी बंद, पाहुणे कमी. चार महिन्यांचं तांदूळ, तेल, सरपण, ताडपत्री आत्ताच भरून ठेवायची.

एक हमाल गॅसची टाकी घेऊन आला. व्यापारी वापराची, म्हणजे एकोणीस किलोचा गॅस आणि वर लोखंडाचं वजन. डोक्यावर चुंबळ, त्यावर टाकी आडवी, एक हात टाकीला, दुसरा मोकळा, तोल सांभाळायला. बोळात शिरताना त्याने गुडघ्यात वाकून डोकं जराही न झुकवता कमान पार केली. मी भिंतीला चिकटून वाट दिली. त्याने टाकी उतरवली, चुंबळ झटकली, कमरेच्या पिशवीतून चिटोरं काढून स्वयंपाक्याची सही घेतली आणि आल्या पावली परत. मी विचारलं, दिवसाला किती खेपा? "पाऊस यायच्या आत जेवढ्या होतील तेवढ्या," एवढंच म्हणाला. बोलायला वेळ नव्हता त्याला.

त्याच्या मागून दोन बाया आल्या, डोक्यावर पाट्या, पाट्यांत जांभळं आणि पानांच्या द्रोणांत करवंदं. धोदाणीच्या बाजूने सनसेट पॉइंटकडे चढणारी वाट आहे, त्या वाटेने अंधारातच निघून आल्या होत्या. पॉइंटवर आपण सूर्यास्त बघायला जातो तेव्हा त्याच वाटेने ही माणसं रिकाम्या पाट्या घेऊन उतरत असतात. आईने जांभळं घेतली, घासाघीस न करता. मग त्यांच्यातली एक आईच्या शेजारी पायरीवर टेकली आणि दोघी गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या. तिचे माझ्या आईपेक्षा जास्त दुखत होते.

माथेरानच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो या मागच्या बोळातून पुढे आलेला माणूस. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानातच, गरीब नाभिक कुटुंबात. बंगल्यातल्या लोकांची सेवा करून जगणाऱ्या वस्तीतला मुलगा शिकला, वकील झाला, आणि जी नगरपालिका मुळात बंगल्यांच्या सोयीसाठी स्थापन झाली होती तिचा उपाध्यक्ष झाला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्याने धान्याची कोठारं उभी केली. १९४२ला तो भूमिगत झाला. त्याच्या आझाद दस्त्याने डोंगरांमधून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. हा तपशील मला फार बोलका वाटतो. सह्याद्रीतून मुंबईला काय काय वाहून नेलं जातं आणि कोणाच्या डोक्यावरून, हे माथेरानच्या पोराला कुणी शिकवावं लागलं नसेल. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी तो गेला, त्याच्याबरोबर हिराजी पाटील गेले. वय तीस. दर २ जानेवारीला पहाटे लोक सिद्धगडावर जमतात.

आमच्या हॉटेलच्या दिवाणखान्यात भिंतभर जुने फोटो आहेत. गव्हर्नर, कलेक्टर, टोप्या घातलेले साहेब, छत्र्या घेतलेल्या मडमा, फेटेवाले पारशी शेठ, नवीकोरी गाडी फुलांनी सजवलेली. छान फ्रेम, खाली पितळी पट्ट्यांवर नावं. एका फोटोत मेणा आहे. मेण्यातल्या बाईंचं नाव पट्टीवर आहे. मेणा खांद्यावर घेतलेले चौघे सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत, त्यातल्या एकाने डोक्याला बांधलेलं फडकं अगदी नीट, ठेवणीतलं आहे. त्या दिवशी फोटो निघणार हे त्याला माहीत असणार, म्हणून घरून तयारीने आला असणार. त्याचं नाव नाही.

निघायच्या दिवशी मॅनेजरने अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहिलं की जेवण, स्वच्छता, शांतता, सगळं मनापासून आवडलं. आणि दोन विनंत्या लिहिल्या. पहिली, खोलीतल्या त्या मागच्या दारावरची दांडी काढा, रंग खरवडा, आणि ते काय होतं ते शेजारी चार ओळींत लिहा. दुसरी, भिंतीवर एक फ्रेम या हॉटेलात काम केलेल्या माणसांची लावा, नावांसकट.

मॅनेजर भला माणूस. त्याने वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, "मॅडम, दाराचं बघतो मी. पण नावं कुठून आणायची? जुनी रजिस्टरं पावसात गेली सगळी."

वाढणारे काका शेजारी आमची बॅग घेऊन उभे होते. त्यांनी बॅग खाली ठेवली. "मला आहेत की ठाऊक," म्हणाले, आणि खानसाम्यापासून सुरुवात केली. मग बंबवाला, मग पाणी आणणारे दोघे भाऊ, मग धोबी, मग आजोबा. कोण कुठल्या वाडीचा, कोणाची मुलगी कुठे दिली, कोण पुढे रिक्षावर गेला, कोण मुंबईला मिलमध्ये. नावाला नाव जोडून येत होतं. मागचं दार वापरणाऱ्यांचं काय, असं आईने विचारलं. काका क्षणभर घुटमळले, मग तीही दोन नावं त्यांनी सांगितली, वाडीसकट.

आई मला म्हणाली, "बघतेस काय, लिही." हॉटेलच्याच वहीत, माझ्या अभिप्रायाखाली, पानामागून पान मी लिहीत गेले, मॅनेजर एकेका नावाचं स्पेलिंग विचारून त्याच्या फोनमध्ये टाकत राहिला, आणि आमची अमन लॉजची शटल चुकली.